उघाडीचं पुस्तक

रोशनी पहिल्यांदा माझ्या दारात आली तेव्हा उंबऱ्याबाहेर उभी राहूनच म्हणाली, "बाई, मोठ्यानं वाचायला चांगलं असं एखादं पुस्तक आहे का तुमच्याकडं?"

शाळेत शिकवत असताना मुलांनी माझ्याकडे पातळ पुस्तकं मागितली, चित्रांची मागितली, भुताची मागितली. असं कुणी मागितलं नव्हतं. मी तिला आत बोलावलं आणि विचारलं, "कुणाला वाचून दाखवायचंय?"

"सासूबाईंना. काचबिंदूनं डोळे गेले त्यांचे. दुपारभर नुसत्या बसून असतात. मग जुनं काय काय आठवतात आणि जेवत नाहीत."

हे कुटुंब रोह्याजवळ वरसेत, आमच्या मागच्या गल्लीत राहतं. नवरा हरेश कंपनीत आहे, शिफ्टप्रमाणे त्याचं घर जागं असतं आणि झोपतं. मुलगी भूमिका चौथीत. सासू धोंडुबाई या मूळ गडबच्या खाली, खाडीकडच्या गावातल्या. भातशेती आणि मिठागर यांत आयुष्य गेलेलं. डोळे गेल्यावर मुलानं त्यांना इकडे रोह्याला आणलं. रोशनी स्वतः जोहेची. माहेरी गणपतींचा कारखाना, त्यामुळे लहानपणापासून हात रंगात. तिचा एक स्वभाव मी पहिल्या महिन्यातच ओळखला. माझ्या घरातल्या कपाचा कान तुटलेला दिसला तर ती बोलता बोलता तो कप आत सरकवून ठेवी आणि दुसरा घेई. कुणाचं भांडण निघालं की विषय बदली. भूमिकाला कमी मार्क पडले की हरेशला सांगताना त्यात दोन-चार घाली. एकदा मी तिला हे हसून म्हटलं, तर ती म्हणाली, "आमच्याकडं मूर्तीला तडा दिसला की लांबी भरायची आणि रंग मारायचा, बाई. गिऱ्हाईक यायच्या आत. तीच सवय लागली."

निवृत्त झाल्यावर मी इथल्या चार-पाच जणांना जमवून वाचनाचं एक मंडळ केलं आहे. मंडळ म्हणजे काही मोठं नाही. रोह्याच्या वाचनालयातून पुस्तकं आणायची, आपसात फिरवायची आणि डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी माझ्या अंगणात जमून वर्षात सगळ्यात आवडलेलं पुस्तक कुठलं ते सांगायचं. नियम एकच. पुस्तक हातात धरून बोलायचं. नुसतं ऐकीव बोलणारे फार असतात म्हणून मी हा नियम केला. बोलणं झालं की पोपटी लावायची, म्हणजे वालाच्या शेंगा मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून भाजायच्या. खरं सांगायचं तर अर्धी माणसं पोपटीसाठीच येतात.

रोशनी मंडळात आली. पुढचं सगळं तिनं मला नंतर सांगितलं, पण मी ते घडलं त्या क्रमानं लिहिते.

गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीला तिनं वाचनालयातून एक कादंबरी आणली. बांधणी करून तपकिरी पुठ्ठा चढवलेली आणि पहिली काही पानं गेलेली, त्यामुळे नाव नाही, लेखक नाही. गोष्ट घाटावरच्या एका गावातल्या दोन जावांची. दोघींच्या नवऱ्यांची मिळून एक विहीर. दुपारी जेवणं झाली की रोशनी दाराशी बसून वाचायची आणि धोंडुबाई समोर परात घेऊन भिजवलेले वाल सोलत ऐकायच्या. डोळे गेले तरी त्यांची बोटं वालाचं साल बरोबर काढतात.

पहिल्याच दिवशी त्यांनी वाचन थांबवलं. "मोट म्हंजे काय गो?"

रोशनीनं सांगितलं. चामड्याची मोठी पिशवी, बैल ओढतात, विहिरीतलं पाणी वर येतं.

"बैल पानी काढतात? आमच्याकडं पानी भायेर घालवायची पंचाईत, आन हे वर काढतात?"

पुढच्या पानावर बारव आली, मग थारोळं आलं. धोंडुबाई प्रत्येक शब्दाला अडायच्या आणि गोष्ट तिथंच राहायची. तेव्हा रोशनीनं वाचता वाचता शब्द बदलायला सुरुवात केली. ज्वारीचा तिनं भात केला. मळ्याचं खाजण, म्हणजे खाडीकाठची खारजमीन, केलं. आणि विहिरीची तिनं उघाडी केली. खाडीच्या बांधात बसवलेलं दार ते उघाडी. ओहोटीला ते उघडून शेतातलं पावसाचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीचं खारं पाणी यायच्या आत बंद करायचं. ज्याची पाळी असेल त्यानं ते सांभाळायचं. ही तिला सासरची माहिती होती. धोंडुबाईंना समजावं एवढाच तिचा हेतू होता, आणि समजू लागलंही. "आता गोष्ट कशी चालते," त्या म्हणाल्या.

पुस्तकात पुढे असं होतं, की थोरलीचा नवरा बाजाराला जाताना तिला सांगून जातो, संध्याकाळी विहिरीच्या तोंडावर फळ्या टाकायला धाकट्याला सांग. ती विसरते. बैल विहिरीत पडून मरतो. गाव जमतं तेव्हा थोरली म्हणते, मी निरोप दिला होता. सगळा दोष धाकट्यावर जातो आणि धाकटी जाऊ त्या दिवसापासून थोरलीशी बोलत नाही.

रोशनीनं ते उघाडीचं करून वाचलं. थोरलीच्या नवऱ्याला ताप होता. उघाडी बंद करायला धाकट्या भावाला सांग, असं तो म्हणाला. थोरली विसरली. भरतीचं पाणी आत आलं आणि अख्ख्या गावाचा भात खारवला. थोरली म्हणाली, मी निरोप दिला होता.

परातीतला आवाज थांबला. रोशनीनं मान वर केली. धोंडुबाईंच्या बोटांत अर्धा सोललेला वाल तसाच होता.

"हे कोनी लिवलं?"

"माहीत नाय, आई. पहिली पानं गेलीत."

"पन त्याला कोनी सांगितलं?"

रोशनीला काही कळेना. ती म्हणाली, "गोष्ट आहे ती."

"गोष्ट नाय. बायजानं सांगितलं असंल. तिच्याबिगर कोनाला म्हाईत?"

संध्याकाळी हरेश शिफ्टवरून आला तेव्हा रोशनीनं त्याला विचारलं, बायजा कोण. तो चपला काढता काढता म्हणाला, "बायजाकाकी. जनूकाकाची बायको. आमच्या दोन घरांचं बोलणं नाय. मी लहान होतो. उघाडीवरनं काय तरी झालेलं, काकानं बंद केली नाय म्हणून गावाचा भात गेला. कशाला विचारतेस?"

तिनं विषय बदलला. लग्नाआधीचं, दुसऱ्या गावचं, कुणी तिच्यापाशी कधी काढलं नव्हतं. तिनं सासूला समजावं म्हणून विहिरीची उघाडी केली, आणि सासूच्या पोटातली गोष्ट तिच्यापुढे वाचून दाखवली.

त्या वेळीच सांगून टाकायला हवं होतं, असं ती आता म्हणते. आई, हे पुस्तकात नाही, शब्द मी बदललेत. पण दुसऱ्या दुपारी धोंडुबाई तिच्या आधी दाराशी येऊन बसल्या होत्या. परात घेतली नव्हती.

"वाच. त्याला येवढं म्हाईत हाय, तर पुढचं पन म्हाईत असंल."

मग पुस्तक संपेपर्यंत त्यांनी कुठल्याच शब्दाला अडवलं नाही. मधेच एकदा म्हणाल्या, "पावसाचा जोर कमी झाला का मना बायजाकडं ने गो. बोलंल का नाय बोलंल, पन जाते." त्या रोज हे म्हणायच्या. रोशनी हो म्हणायची. त्यांनी तिला सारं सांगितलंही. दिराला निरोप त्यांनी दिलाच नव्हता. पोराला खोकला होता, त्याच्यापाशी बसल्या आणि विसरल्या. सकाळी बांधावर गाव जमलं, म्हाताऱ्या सासऱ्यानं विचारलं, आणि तोंडातून निघून गेलं, "मी सांगितलं व्हतं." निघून गेलं ते परत घेता आलं नाही.

श्रावणात पुस्तक शेवटाला आलं. रोशनीनं आदल्या दिवशी तो भाग मनात वाचून ठेवला होता. पुस्तकात थोरली रोज ठरवते की आज धाकटीच्या दारात जाईन. रोज उंबऱ्यापर्यंत येते आणि परत आत जाते. असं करता करता एक दिवस धाकटीची तिरडी तिच्याच दारावरून जाते. तिथं पुस्तक संपतं.

रोशनी मला म्हणाली, "बाई, मला तो तडा दिसला. आणि त्या समोर बसलेल्या होत्या."

तिनं पानाकडे बघत दुसरंच वाचलं. थोरली धाकटीच्या दारात जाते. म्हणते, चूक माझी होती. धाकटी पाट सरकवते आणि म्हणते, बस. दोघी भात जेवतात.

धोंडुबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मग म्हणाल्या, "बायजानंच सांगितलं ना त्याला. म्हंजे तिच्या मनात आता काय नाय. झालं गो. एकदाचं झालं."

त्या रात्री त्या पोटभर जेवल्या. आणि बायजाकडं ने, असं त्यांनी त्यानंतर एकदाही म्हटलं नाही. गणपती गेले, नवरात्र गेलं, दिवाळी गेली. गेल्या कित्येक वर्षांत हरेशनं आईला इतकं हसताना पाहिलं नव्हतं. तो रोशनीला म्हणाला, "तुझ्या वाचनानं औषधाच्या वर काम केलं."  माझ्याकडे आली की ती त्या पुस्तकाविषयी बोलायचं टाळायची. मला वाटलं, तिला ते आवडलं नसावं.

पुस्तक मधल्या काळात मंडळात फिरून आलं. अंगणवाडीतल्या शीतलनं वाचलं. डिसेंबरात धोंडुबाईंनी हट्ट धरला, की या वेळी मी पण बाईंच्या अंगणात येणार आणि माझं पुस्तक सांगणार. रोशनीनं थंडीचं कारण काढलं, गुडघ्यांचं काढलं. धोंडुबाई म्हणाल्या, "तू वाचलंस म्हंजे मीच वाचलं. बाईंचा नियम हाय ना, हातात धरायचं? मंग आन ते पुस्तक वाचनालयातून." तिनं आणलं. आणलं नसतं तर, असं ती म्हणते, पण रिकाम्या हातांनीही त्या आल्याच असत्या.

त्या रविवारी ऊन कलल्यावर सगळे जमले. हरेशनं अंगणाच्या कोपऱ्यात मडकं उलटं ठेवून जाळ केला होता. सुरुवात नेहमीप्रमाणे मोतीरामभाऊंनी केली. हे कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ, आंब्याच्या कलमांचं एक जाडं पुस्तक घेऊन दर वर्षी येतात.

"यंदा कुठलं, भाऊ?" शीतलनं विचारलं.

"हेच."

"गेल्या वर्षीपण हेच होतं."

"मग ते अजून संपलं नाय."

"कलम तरी केलंत का एखादं?"

"आधी पुस्तक तर होऊ दे. घाई केली की कलम मरतं, पान बावन्न."

सगळे हसले. शीतलनं तिचं पुस्तक सांगितलं, मी माझं. रोशनी म्हणाली, "यंदा माझं काही नाही," आणि ती जाळाकडे जाऊन बसली. मग धोंडुबाईंनी तो तपकिरी पुठ्ठा दोन्ही हातांनी छातीशी धरला. त्या कधी चार माणसांत बोलल्या नसतील, पण आवाज लागला होता.

"माझं उघाडीचं पुस्तक. दोन जावांचं हाय. थोरली खोटं बोलली. लय वर्सं बोलनं तुटलं. पन शेवटाला थोरली गेली, आन धाकटीनं तिला पाट दिला. म्हनली, बस. मना तेवढं लय आवडलं. बस म्हनली ते."

शीतल मन लावून ऐकत होती. चांगली मुलगी आहे ती, पुस्तक दिसलं की तिला राहवत नाही. ती म्हणाली, "आजी, हे कुठलं? खाडीकडचं कुणी लिहिलंय? मला द्या ना वाचायला."

"घे ना. हे काय हातात."

शीतलनं पुस्तक घेतलं, मधलं पान उघडलं आणि हसली. "नाही आजी, तुम्हाला चुकून दुसरं दिलं. हे विहिरीचं आहे. मी वाचलंय. यात उघाडी कुठंच नाही."

"तपकिरी पुठ्ठा ना?"

"हो."

"पयली पानं नाय ना?"

"हो, पण ती घाटावरची गोष्ट आहे. आणि यात शेवटी पाट वगैरे काही नाही. त्या धाकटीची तर—"

इथं शीतल थांबली. जाळाजवळ रोशनी उभी राहिली होती आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून शीतलला काही तरी कळलं. मोतीरामभाऊ म्हणाले, "शेंगा झाल्या का रे हरेश?"

धोंडुबाईंनी मान त्या दिशेला वळवली. "रोशनी."

"मी बदललं, आई," रोशनी म्हणाली. "उघाडी मी घातली. तुम्हाला समजावं म्हणून. आणि शेवटचं पण मीच."

"बायजानं नाय सांगितलं कोनाला?"

"नाय, आई."

धोंडुबाई एवढंच म्हणाल्या, "मना घरी ने." हरेशनं मडकं उघडलं होतं, भांबुर्ड्याचा वास अंगणभर झाला होता. कुणी फारसं खाल्लं नाही. शीतल मला पुन्हा पुन्हा विचारत होती, "बाई, मी काय चुकीचं बोलले?" मी म्हटलं, नाही. चुकीचं तिनं काहीच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी धोंडुबाई दाराशी बसल्या आणि म्हणाल्या, "वाच. जसं लिवलंय तसं."

"सगळं?"

"शेवटचं."

रोशनीनं वाचलं. मोट म्हणजे मोट, विहीर म्हणजे विहीर. थोरली उंबऱ्यापर्यंत येते आणि परत जाते. मग तिरडी. वाचून झाल्यावर तिनं पुस्तक मिटलं आणि ओरडा खायची तयारी केली. सासूनं शिव्या दिल्या असत्या तर तिला हलकं वाटलं असतं. धोंडुबाई बोलल्या त्या शांतपणे.

"तुझी माया म्हाईत हाय मना. पन तू माझं बायजाकडं जानं खाल्लंस गो. मी बसले ना हितं, बायजानं बस म्हटलं म्हनून." मग म्हणाल्या, "उद्या ने."

रोह्याहून पेणच्या एसटीनं त्या दोघी निघाल्या आणि गडबला उतरून रिक्षानं खाली गेल्या. बांधाजवळ रिक्षा आली तेव्हा खाडीचा वास आल्याबरोबर धोंडुबाईंनी विचारलं, "उघाडी हाय का जागेवर?" रोशनी म्हणाली, "आहे. आता सिमेंटची आहे, लोखंडी दार आहे." त्यांनी मान हलवली.

दार बायजाबाईंचा मुलगा रघू यानं उघडलं. त्यानं चुलतीला ओळखलं, पण आत या म्हणायला त्याला थोडा वेळ लागला. "काकी, तुमी?"

"बायजा हाय ना रं?"

"हाय. पन बोलत नाय ती. नवरात्रात झटका आला. उजवी बाजू गेली आन वाचा गेली. ऐकायला येतं, समजतं सगळं. बोलता येत नाय."

दोन घरांत जाणं-येणं नव्हतं, त्यामुळे ही बातमी वरसेपर्यंत पोचली नव्हती. रोशनी मला म्हणाली, "बाई, मी तिथंच महिने मोजले. पुस्तक श्रावणात संपलं. नवरात्रापर्यंत त्या बोलत होत्या." बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

बायजाबाई खाटेवर होत्या. रोशनीनं सासूला खाटेच्या पायथ्याशी टेकवलं. धोंडुबाईंनी चाचपून पाहिलं, खाटेची कड हाताला लागल्यावर तिथंच हात ठेवला आणि म्हणाल्या, "बायजा, मी धोंडू."

मग त्यांनी सांगितलं. फिरवून नाही, रडून नाही. "जनूभावजीला निरोप मी दिलाच नवता. इसरले. आन दिला म्हनून सांगितलं. तुला म्हाईत व्हतं. आज सगल्यांसमोर सांगते."

सगळ्यांसमोर म्हणजे तिथं रघू होता. तो पाण्याचे दोन पेले घेऊन आतून येत होता. तो दारातच थांबला. म्हणाला, "बाबा मरेपर्यंत कधी बांधावर गेला नाय, काकी. लोकांनी उघाडीची पाळी काढून घेतली त्याची." त्यानं पेले खाली ठेवले आणि तो बाहेर निघून गेला.

 धोंडुबाईंनी तोंड रोशनीकडे केलं. "काय करते ती?"

त्यांना दिसत नाही आणि खाटेवरच्या बाईला बोलता येत नाही. मधे रोशनी. बायजाबाईंनी ऐकलं होतं, सगळं कळलं होतं. आणि डाव्या कोपराचा आधार घेत, फार कष्टानं, त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं होतं.

रोशनी मला म्हणाली, "बाई, जिभेवर आलं होतं. डोळ्यांत पाणी आहे म्हणावं. कोण बघणार होतं? बायजाकाकी तर सांगणार नव्हत्या."

तिनं सांगितलं, "तोंड भिंतीकडं केलंय, आई."

"आपल्याकडं पाठ?"

"हो."

धोंडुबाई म्हणाल्या, "बरं. बसू मंग." रोशनीला वाटलं, आता त्या रडतील. पण त्यांनी पिशवीतली खोबरेल तेलाची बाटली काढायला सांगितली, जी त्यांनी घरून निघतानाच घेतली होती. त्या बायजाबाईंच्या पायाला तेल लावू लागल्या. आंधळ्या माणसाचे हात, पण एकाच घरात नांदलेल्या जावेच्या पायांना ते चुकले नाहीत.

"आता?"

"अजून भिंतीकडंच आहे. पण डावा पाय ओढून घेतला नाय."

"डावा चांगला हाय ना तिचा? ओढता येतो?"

"येतो."

"येवढंच सांग. जास्तीचं लावू नको."

शेवटची सोयीची एसटी होती म्हणून त्यांना उठावं लागलं. रघू अंगणात उभा होता. त्यानं चहा विचारला नाही, पण रिक्षा मात्र बोलावून आणली होती.

हे सगळं रोशनीनं मला सांगितलं तेव्हा ती माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसली होती. मी तिला चहा दिला, चुकून कान तुटलेल्या कपात. तिनं तो तसाच घेतला.

"श्रावणात गेलो असतो तर त्या बोलल्या असत्या, बाई. बस म्हणाल्या नसत्या कदाचित. शिव्या दिल्या असत्या. पण आईंनी त्या ऐकल्या असत्या. मी तेवढं पण ठेवलं नाय."

तुझी यात काही चूक नाही, असं मी तिला म्हटलं नाही. ते खरं नव्हतं आणि तिलाही ते नको होतं. मी म्हटलं, "पुन्हा कधी जाणार?"

"येत्या मंगळवारी. हरेशची सेकंड शिफ्ट आहे, तो सोडेल गडबपर्यंत."

आता त्या दर थोड्या दिवसांनी जातात. दुपारचं वाचनही चालू आहे. परवा त्यांच्या दारावरून जाताना मी ऐकलं. नवं पुस्तक होतं, कुठल्या तरी जंगलाकडचं. रोशनी वाचता वाचता अडली आणि म्हणाली, "इथं मचाण लिहिलंय, आई. आपल्याकडं नसतं. उंचावर बसायला बांधतात."

"मंग मचाणच वाच," धोंडुबाई म्हणाल्या. परातीत वाल पडण्याचा आवाज चालू होता.

मी थांबले, कारण रोशनीनं मला बघितलं होतं. मंगळवारचं कसं झालं, असं मी खुणेनं विचारलं. तिनं पुस्तकात बोट घालून ठेवलं आणि सासूला म्हणाली, "बाई विचारतायत काकीचं."

"सांग ना मंग. तू बघितलंस, मी थोडंच बघितलं."

"काल आईंनी काकींचा हात पुसायला घेतला तेव्हा तो झटकला त्यांनी, बाई," रोशनी म्हणाली. "तेल लावताना मात्र वर आढ्याकडं बघत होत्या. शेवटपर्यंत."

"भिंतीकडं नाय," धोंडुबाई म्हणाल्या.

"भिंतीकडं नाय. पण आपल्याकडं पण नाय, आई."

"व्हय, व्हय, ऐकलं," त्या म्हणाल्या आणि पुढचा वाल उचलला. "वाच आता. मचाणावर कोन बसलाय?"